मी मिटत नाही गो, डोळेच मिटतात

माझी आत्या गोव्यात मयेला असते. गावच्या महिला भजनी मंडळाचं तिच्याशिवाय पान हलत नाही. चार वर्षांपूर्वी तिची पहिली तक्रार होती ती उन्हाची. दुपारी बसची वाट बघत उभी राहिली की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, पाणी यायचं. मग पापण्या जास्त लवायला लागल्या. आणि एक दिवस डिचोलीच्या बाजारात, मासळीच्या टोपल्यांसमोर, तिचे दोन्ही डोळे घट्ट मिटले ते उघडेनात. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताच्या बोटाने वरची पापणी उचलून धरलेली. मी कोपराला धरून तिला कडेला आणलं.

घरी कुणीतरी म्हणालं, "सवय लागलीय तुला. जरा डोळे उघडे ठेवायला शीक." त्यावर ती एवढंच म्हणाली, "मी मिटत नाही गो, डोळेच मिटतात."

आजाराचं नाव कळायला आम्हाला त्यानंतर दोन वर्षं लागली. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी पापणीबद्दल मला किती कमी माहिती होती हे त्या दोन वर्षांत कळलं. त्यात जे समजलं ते इथे सविस्तर मांडते आहे, कारण ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांची तरी दोन वर्षं वाचावीत.

डोळा फडफडतो म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, डावा की उजवा? बाईचा डावा लवला तर शुभ, पुरुषाचा उजवा. डॉक्टरांचा प्रश्न मात्र वेगळा असतो. त्यांना हवं असतं ते हे: एकच डोळा की दोन्ही, आणि पापणी नुसती थरथरते की खरोखर मिटते?

बहुतेकांची फडफड साधी असते. एकाच डोळ्याच्या, बहुधा खालच्या, पापणीत बारीक थरथर जाणवते. आपल्याला वाटतं सगळ्या जगाला दिसतेय, पण समोरच्याला पत्ताही नसतो. जागरण, ताण, चहा-कॉफीचा अतिरेक, डोळ्यांवरचा शीण ही तिची नेहमीची कारणं. पेपर तपासायच्या दिवसांत मला हमखास होते. हिला मायोकिमिया म्हणतात. पापणी यात मिटत नाही, आणि काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, ती आपली आपण थांबते. झोप पूर्ण करणं हाच तिच्यावरचा खरा उपाय.

दुसरा प्रकार एका बाजूच्या चेहऱ्याचा. आधी डोळ्याभोवती झटके येतात, मग हळूहळू त्याच बाजूचा गाल आणि ओठाचा कोपराही ओढला जातो. झोपेतही हे झटके चालू राहू शकतात. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी सातवी नस मेंदूतून बाहेर पडते, तिथे एखादी रक्तवाहिनी तिच्यावर टेकलेली असते आणि तिच्या दाबाने नस चाळवते, हे याचं नेहमीचं कारण. म्हणून यात एमआरआय करायला सांगतात.

तिसरा प्रकार आत्याचा. दोन्ही डोळे एकदम, घट्ट, स्वतःच्या इच्छेविरुद्ध मिटतात. नाव ब्लेफरोस्पाझम. साधारण पन्नाशी-साठीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो. ऊन, वाचन, टीव्ही, गाडी चालवणं, थकवा, घाई यांनी वाढतो आणि झोपेत थांबतो. नजर शाबूत असते, चष्म्याचा नंबरही बरोबर असतो, पण डोळे उघडेच राहत नसतील तर त्या नजरेचा उपयोग काय? वाढलेल्या ब्लेफरोस्पाझममध्ये माणूस व्यवहारात आंधळा होतो. बाजारात मी तेच बघितलं होतं.

आता यात डोळ्याच्या पृष्ठभागाचा संबंध कुठे येतो? मला वाटतं, सगळ्यात मोठी चूक इथेच होते. एक डॉक्टर फक्त डोळा बघून थेंब देतात, दुसरे फक्त नस बघतात. पापणी मात्र या दोघांच्या मधली गोष्ट आहे.

बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आरपार दिसलं नसतं. त्याला लागणारा प्राणवायू बराचसा बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून मिळतो. हा थर जेमतेम तीन मायक्रोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीन. एवढ्याशा जाडीतही रचना आहे. डोळ्याला चिकटून राहणारा बुळबुळीत श्लेष्म, त्यात मिसळलेलं पाणी आणि सगळ्यांत वर तेलाचा तवंग. आमटीवर तवंग आला की वाफ कोंडून राहते, तसा हा तवंग खालचं पाणी उडू देत नाही.

ते तेल येतं पापणीच्या कडेतून. वरच्या आणि खालच्या पापणीत मिळून पन्नासेक लांबट ग्रंथी ओळीने उभ्या असतात आणि त्यांची तोंडं पापण्यांच्या केसांच्या मागे उघडतात. १६६६ साली हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्याने त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मेबोमियन ग्रंथी. पापणी लवली की त्या किंचित दाबल्या जातात आणि तेलाचा नवा थर पसरतो. पापणी म्हणजे नुसतं झाकण नव्हे. दर वेळी लवताना ती डोळा नव्याने सारवते.

मिनिटाला साधारण पंधरा वेळा आपण डोळे लवतो. सोळा तास जागे असलो तर दिवसाला चौदा हजार चारशे वेळा. म्हणजे दर चार सेकंदांनी एक नवा थर. निरोगी डोळ्यात तो दहा सेकंद किंवा जास्त टिकतो, म्हणून चार सेकंदांचं अंतर निभावतं. पण तेल कमी झालं आणि थर तीन सेकंदांतच फाटू लागला, तर दर खेपेला एक सेकंद कॉर्नियाचा काही भाग उघडा पडतो. मोबाइल किंवा कॉम्प्युटरकडे बघताना लवणं निम्म्याच्याही खाली येतं, मग तो उघडा वेळ आणखी वाढतो.

आणि कॉर्निया हा शरीरातल्या सगळ्यात संवेदनशील भागांपैकी एक आहे. त्यात नसांचं जाळं इतकं दाट की धुळीचा कण टेकला तरी पापणी मिटते. ही बातमी पाचव्या नसेतून मेंदूच्या बुंध्यापर्यंत जाते, तिथून हुकूम सातव्या नसेतून पापणीच्या गोलाकार स्नायूकडे येतो, आणि विचार करायच्या आत डोळा बंद होतो. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच, असं आपण म्हणतो ते याच वाटेबद्दल.

कोरड्या डोळ्यात ही वाट दिवसभर खणखणत राहते. कोरडा पडलेला प्रत्येक ठिपका मिटा म्हणून सांगतो, आणि मेंदू ऐकतो. लवणं वाढतं. यात मेंदूची काही चूक नाही, तो डोळा वाचवतोय. बहुतेकांत गोष्ट इथेच थांबते. थेंब घातले, डोळा ओला झाला, लवणं कमी झालं. काहींच्या मेंदूत मात्र स्नायूंच्या हालचालींना लगाम घालणारी यंत्रणा आधीच थोडी सैल असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लिया नावाच्या केंद्रांकडे हे काम असतं. अशा माणसाला डोळ्याची चुरचुर ठिणगीसारखी पुरते. लवण्याचा हुकूम सुटतो, तो आवरायला कुणी नसतं, आणि पापण्या आवळून बसतात. अशा विकारांना डिस्टोनिया म्हणतात आणि ब्लेफरोस्पाझम त्यांतलाच एक.

हे मी माझ्या कल्पनेने सांगत नाही. १९९७ साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. काही उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवायला लागणारं रसायन, थोडंसं कमी केलं, नुसत्या त्याने झटके आले नाहीत. काहींचा पापणीचा स्नायू किंचित दुबळा केला, नुसत्या त्यानेही आले नाहीत. दोन्ही एकत्र केलं तेव्हा मात्र माणसाच्या ब्लेफरोस्पाझमसारखे झटके सुरू झाले. मेंदूतली थोडी ढिलाई आणि डोळ्याच्या बाजूचा थोडा त्रास, दोन्ही एकत्र आले की आजार उभा राहतो, असं त्यातून दिसलं. ब्लेफरोस्पाझमच्या कितीतरी रुग्णांना त्याआधी कोरड्या डोळ्यांचा आणि उजेड न सोसण्याचा त्रास असतो, त्याचा अर्थही यातून लागतो. आत्याची उन्हाची तक्रार ही आजाराची पहिली पायरी होती. आम्ही तिला टोपी आणून दिली.

गोव्यात आणखी एक गैरसमज आहे. इथली हवा दमट, चार महिने पाऊस, मग डोळे कोरडे कसे पडतील? पण डोळ्याला कळतो तो त्याच्या अगदी पुढून जाणारा वारा. म्हापशाहून पणजीला रोज स्कूटरवरून हेल्मेटची काच वर करून जाणारा माणूस, दिवसभर एसीच्या झोताखाली बसणारी ऑफिसातली मुलगी, रात्री तोंडावर पंखा घेऊन झोपणारे आपण सगळे आपल्या डोळ्यांपुढची हवा स्वतःच कोरडी करतो. डिचोली-सत्तरीच्या खाणींच्या रस्त्यांवरची तांबडी धूळ वेगळी. शिवाय वय, रजोनिवृत्ती, मधुमेह, थायरॉइड, संधिवात, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, मोतिबिंदूचं ऑपरेशन, काचबिंदूचे वर्षानुवर्षं घालावे लागणारे थेंब, या सगळ्यांनी डोळे कोरडे होऊ शकतात. तोंडही सतत कोरडं पडत असेल तर शोग्रेन नावाच्या विकाराची तपासणी करावी लागते.

आणि डोळ्यातून पाणी येतंय म्हणजे डोळा कोरडा नाही, असं समजू नये. आत्याच्या डोळ्यांतून धारा लागायच्या. थर फाटला की चुरचुर होते, चुरचुरीने अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. त्या पाण्यात तेल पुरेसं नसतं, म्हणून ते गालावर ओघळतं आणि डोळा पुन्हा तसाच राहतो.

तपासणी मी डोळ्यांनी बघितली, म्हणून तिच्याबद्दल जरा सांगते. प्रथम एक कागदाची पट्टी, पाच मिलिमीटर रुंद, पस्तीस लांब. तिचं टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवतात आणि पाच मिनिटं थांबतात. पट्टीवर ओल किती उतरली ते मोजतात. पाच मिलिमीटरच्या आत राहिली तर डोळ्यात पाणी फारच कमी बनतंय असं समजतात. आत्याची ओल पंधराच्या पुढे गेली. म्हणजे पाणी भरपूर होतं. मग फ्लुरोसिन नावाचा नारिंगी रंग डोळ्याला लावला आणि निळ्या उजेडात तपासलं. डॉक्टरांनी मलाही बघू दिलं. सगळा डोळा हिरवा चमकत होता, पावसात भिजलेल्या शेवाळासारखा. "आता लवू नका," ते म्हणाले. आत्याने जिवाच्या कराराने डोळा उघडा ठेवला. एक, दोन, तीन, आणि त्या हिरव्यात एक काळा ठिपका उघडला, बाजूला दुसरा, मग दोन्ही मिळून एक भेग. तिथे थर फाटला होता. मग डॉक्टरांनी पापणीची कड बोटाने दाबली. पातळ तेलाऐवजी टूथपेस्टसारखं घट्ट, पिवळसर काहीतरी बाहेर आलं. कमतरता पाण्याची नव्हती, तेलाची होती.

थिजलेल्या तेलावरचा उपाय आपल्याला घरूनच माहीत आहे. डिसेंबरमध्ये बाटलीतलं खोबरेल गोठतं तेव्हा आपण ती कोमट पाण्यात धरतो. इथेही तेच. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या कोमट पाण्यात भिजवून पिळायचं आणि मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवायचं. कापड मिनिटभरात निवतं, म्हणून परत परत भिजवावं लागतं, आणि कंटाळा नेमका इथेच येतो. मग बोटाने पापणी हलकेच केसांच्या दिशेने चोळायची, वरची खाली, खालची वर, आणि कड पुसून घ्यायची. फरक पडायला काही आठवडे लागतात. एक दिवस केलं आणि काही झालं नाही म्हणून सोडलं, असं चालत नाही.

थेंबांबद्दल दोनच गोष्टी. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागून घ्या, कारण बाटलीतलं औषध टिकवणारं रसायन पुन्हापुन्हा पडून पृष्ठभागालाच इजा करू शकतं. आणि फार्मसीतून "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या" म्हणून स्टेरॉइडचे थेंब कधीही आणू नका. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, आराम पडतो, म्हणून माणूस ते चालू ठेवतो. महिनोन्महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतिबिंदूही होतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मध, गुलाबपाणी, एरंडेल, आईचं दूध, यातलं काहीही डोळ्यात घालू नये. जंतुसंसर्गाने कॉर्नियावर फूल पडतं ते असल्या उपायांनीही.

शेक आणि थेंबांनी आत्याची चुरचुर निम्म्यावर आली, पण डोळे मिटणं थांबलं नाही. इथे आमचं एक वर्ष फुकट गेलं. एका दवाखान्यात आम्हाला सांगितलं, "डोळा आता छान आहे, हे मनाचं आहे." पुरावा म्हणून तिचं भजन पुढे केलं गेलं. रस्त्यावर डोळे मिटतात आणि गाताना तासभर उघडे राहतात, म्हणजे नाटकच ना? घरातल्यांनाही ते पटलं. आत्या त्यानंतर बरेच दिवस कुणाशी नीट बोलली नाही.

खरं उलटं आहे. गाणं, शिट्टी वाजवणं, बोलणं, चघळणं, कपाळाच्या बाजूला बोट टेकवणं, यांनी झटका तात्पुरता सुटणं ही या आजाराची ओळख आहे. मेंदूला दुसरीकडून संवेदना मिळाली की अडकलेला हुकूम क्षणभर सैल होतो. रक्ताची कुठलीही तपासणी ब्लेफरोस्पाझम दाखवत नाही, एमआरआयही बहुधा स्वच्छ येतो. निदान होतं ते अशा खुणा ऐकून आणि बघून. पुढे ज्या डॉक्टरांनी तो ओळखला, त्यांनी विचारलेला तिसरा प्रश्न होता, "गाताना कसं असतं?" आत्या रडलीच.

आणखी एक अडचण असते. तपासणीच्या खोलीत, डॉक्टरांसमोर, झटके कमी होतात. म्हणून घरी, उन्हात, चालताना मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढून न्या. चालू असलेल्या गोळ्यांची यादीही न्या. मानसिक आजारांवरची काही औषधं आणि मळमळीवरचं मेटोक्लोप्रमाइड दीर्घकाळ घेतल्यानेही अशा हालचाली सुरू होऊ शकतात. आपल्याकडे बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, नेत्रविभाग आहे आणि न्यूरॉलॉजीही आहे. या आजाराला दोघांचीही नजर लागते.

आता बोटॉक्स. नाव ऐकून आत्या घाबरली, सुरकुत्या घालवायचं औषध आपल्याला कशाला म्हणून. हे औषध म्हणजे बोट्युलिनम नावाचं जंतूंचं विष, खराब मांसातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेतलं. नसेच्या टोकाकडून स्नायूला जो रासायनिक निरोप जातो, तो हे विष अडवतं. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी त्याची अत्यल्प मात्रा वापरून बघितली. १९८९ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि ब्लेफरोस्पाझम यांसाठी. सुरकुत्या खूप नंतर आल्या.

अगदी बारीक सुईने डोळ्याभोवती चार-पाच ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी अगदी थोडं औषध टोचतात. आत्याच्या शब्दांत, मुंगी चावल्यासारखं. परिणाम दोन-तीन दिवसांनी सुरू होतो, आठवडा-दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि साधारण तीन महिने टिकतो. मग पुन्हा टोचावं लागतं. आजार बरा होत नाही, आवरला जातो. कधी वरची पापणी काही आठवडे लोंबते, कधी एकाच्या दोन वस्तू दिसतात, दोन्ही तात्पुरतं.

पण औषध पापणीचा स्नायू दुबळा करतं, म्हणजे लवणंही दुबळं होतं. झोपेत डोळा पूर्ण मिटत नाही, दिवसा थर नीट पसरत नाही, डोळा पुन्हा कोरडा पडतो, आणि कोरडेपणा झटक्यांना पुन्हा डिवचतो. म्हणून इंजेक्शन घेतलं तरी थेंब आणि शेक सोडायचे नाहीत. पहिल्या खेपेला आम्ही सोडले होते, आणि इंजेक्शनचा परिणाम चालू असतानाच आत्या परत डोळे चोळू लागली होती. आता रात्री झोपताना ती डोळ्यांत मलम घालते.

घरात दिवसभर गडद गॉगल लावून बसणं तिने बंद केलं, कारण अंधाराची सवय लागली की उजेड आणखी सोसेनासा होतो. बाहेर जाताना गुलाबी छटेची, एफएल-४१ म्हणतात ती काच लावते. उजेडातला डोळ्यांना खुपणारा निळसर-हिरवा भाग ती अडवते.

सध्या तिचं पाचवं इंजेक्शन चालू आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढची तारीख लाल पेनाने गोल केलेली असते. शेवटचे दहा-बारा दिवस जड जातात, पापण्या परत आवळू लागतात. तेव्हा ती बाजाराला दुपारी न जाता सकाळी सातला जाते, आणि रस्ता ओलांडायच्या आधी हळू आवाजात अभंग सुरू करते. परवा मी सोबत होते. पलीकडे पोचेपर्यंत तिने एक कडवं पूर्ण केलं, डोळे सताड उघडे.